संदेशवाहकाची दुसरी नोकरी

जीवशास्त्रातल्या नावांत बऱ्याचदा संशोधकाचा अंदाज दडलेला असतो. दात किडवणारा स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स हा जीवाणूच घ्या. १९२४ मध्ये जे. किलियन क्लार्क यांनी तो किडलेल्या दातांतून वेगळा केला. पेशी लंबगोल दिसल्या, म्हणून हे नेहमीच्या स्ट्रेप्टोकोकसचं म्युटंट रूप असावं असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात ती स्वतंत्र जात निघाली, पण नाव तेच राहिलं. पुढे १९६० मध्ये फिट्झगेराल्ड आणि कीज यांनी हॅमस्टरवर प्रयोग करून स्ट्रेप्टोकोकसमुळे दात किडतात हे दाखवलं.

दातावरच्या थरात जागेसाठी मारामारी असते. म्युटन्स शेजारच्या जीवाणूंना मारायला म्युटासिन नावाची छोटी प्रथिनं सोडतो. २००५ मध्ये जस्टिन मेरिट आणि सहकाऱ्यांना दिसलं की लक्स-एस हे जनुक बिघडवलं की म्युटासिन-१ चं उत्पादन घटतं आणि दुसरं एक जनुक जोरात चालू होतं. ते दुसरं जनुकही काढलं, तर म्युटासिन परत येतं. म्हणजे हे जनुक दाबण्याचं काम करतं. त्याचं नाव पडलं इर्व-ए, आणि त्यातला 'आर' रिप्रेसरचा!

आता रिप्रेसर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डीएनएला चिकटणारं प्रथिनच येतं. खरं तर १९८४ मध्येच ई. कोलायमध्ये मिक-एफ हा छोटा आरएनए सापडला होता. तो स्वतः प्रथिन बनवत नाही. दुसऱ्या संदेशवाहक आरएनएशी जोडी जमवून त्याचं भाषांतर अडवतो. पण नियंत्रक छोटे आरएनए वेगळे आणि संदेशवाहक वेगळे, अशी सोयीची विभागणी डोक्यात बसली होती.

२०१५ मध्ये इर्व-एने ती मोडली. त्याच्या संदेशवाहकाचा सुरुवातीचा, प्रथिनात न उतरणारा भाग जीबीपी-सी या जनुकाच्या संदेशवाहकाशी जोडी जमवतो आणि त्याला आरएनेज जे-२ च्या मार्गाने होणाऱ्या विघटनापासून वाचवतो. ताणाच्या वेळी पेशी एकत्र गोळा होतात, त्यामागे हेच आहे. इर्व-ए प्रथिन मात्र बाहेरचा डीएनए आत घेण्याच्या क्षमतेवर स्वतंत्रपणे काम करतं. एकच रेणू, दोन नोकऱ्या.

यातून आपण काय घ्यायचं? आख्खं जनुक काढलं की आरएनए आणि प्रथिन दोन्ही जातात. फक्त स्टार्ट कोडॉन बदलला तर प्रथिन थांबतं, आरएनए राहू शकतो. हे दोन वेगळे प्रयोग आहेत. 'जनुक काढलं, परिणाम दिसला, म्हणजे प्रथिनाचं काम' असं वहीत लिहिण्याआधी दुसरा प्रयोगही करून बघा.