गुपित नेमके कोणाचे?

माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याचे मराठी भाषांतर वाचताना कलम ८ मध्ये एक शब्द भेटतो : 'विश्वासाश्रित संबंध'. वकील आणि अशील, वैद्य आणि रुग्ण यांच्यात जे असते ते. एकाने दुसऱ्यावर भरवसा टाकून जे सांगितले ते त्या दुसऱ्याने जगापुढे मांडू नये, असा त्याचा सरळ अर्थ. साहित्याच्या विद्यार्थ्याला हा शब्द ओळखीचा वाटावा, कारण त्यात एक छोटे नाट्य दडलेले आहे. कोणी कोणावर विश्वास टाकला, आणि त्या विश्वासाचे ओझे कोणी वाहायचे? बँकांच्या तपासणीचे अहवाल लोकांना दाखवावेत की नाही, हा वाद आपल्याकडे बरीच वर्षे चालला. तो मुख्यतः या एका शब्दाच्या अर्थावरून चालला, असे आम्हांस वाटते. त्या वादाचा इतिहास येथे थोडक्यात मांडत आहोत.

कर्ज आणि कागद यांचे नाते आपल्या प्रांताला नवे नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, तेव्हा त्यांना प्रामुख्याने हवे होते ते रोखे आणि खतपत्रे. ती हाती लागली की जाळायची. त्यानंतर सरकारने नेमलेल्या समितीने सावकारी व्यवहाराची कसून चौकशी केली, तिचा अहवाल छापला गेला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्या काळी कागद ऋणकोच्या विरुद्ध बोलत असे, म्हणून तो नष्ट करण्याची धडपड होती. पुढच्या शतकात ठेवीदार वेगळीच मागणी करू लागला : कागद उघडा करा.

मधल्या काळात बँक आणि तिचा ग्राहक यांच्यातील गुप्ततेला कायद्याचे रूप आले. १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्याने बँकेच्या वह्यांची प्रमाणित नक्कल न्यायालयात पुरावा म्हणून चालू लागली. बँक स्वतः पक्षकार नसेल, तर न्यायाधीशाच्या खास हुकुमाशिवाय तिच्या अधिकाऱ्याला वह्या घेऊन हजर होण्याची सक्ती राहिली नाही. १९२४ मध्ये इंग्लंडमधील टूर्नियर खटल्यात ग्राहकाच्या खात्याविषयी मौन पाळणे हे बँकेचे कर्तव्य ठरले आणि त्याला चार अपवाद सांगितले गेले : कायद्याची सक्ती, जनतेप्रती कर्तव्य, बँकेचे स्वतःचे हित आणि ग्राहकाची संमती. येथे एक बारकावा लक्षात ठेवावा. ही गुप्तता ग्राहकाच्या मालकीची आहे. बँक तिची केवळ राखणदार. पुढे जे घडले त्यात राखणदाराने मालकाचेच गुपित स्वतःच्या अंगावर पांघरले.

स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या बँकिंग कायद्याने रिझर्व्ह बँकेला तपासणीचा अधिकार दिला. कलम ३५ नुसार अधिकारी बँकेची पुस्तके तपासतात आणि अहवाल तयार होतो. हा अहवाल छापण्याची सोयही त्याच कलमात आहे. बँकेला वाजवी सूचना देऊन केंद्र सरकार तो अहवाल, किंवा त्यातील आवश्यक वाटेल तो भाग, प्रसिद्ध करू शकते. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांच्या मनात अहवाल हा कायमचा कुलूपबंद कागद नव्हता. प्रथा मात्र कुलपाची पडली.

या प्रथेची पहिली मोठी परीक्षा केरळात झाली. पालाई गावी १९२७ मध्ये स्थापन झालेली पालाई सेंट्रल बँक ही त्या प्रदेशातील मोठी, शेड्यूल्ड बँक होती. १९५१ पासून रिझर्व्ह बँकेने तिची वेळोवेळी तपासणी केली, आणि प्रकृती चांगली नाही हे तपासणाऱ्यांना दिसत होते. ठेवीदारांना ते दिसण्याचा काहीच मार्ग नव्हता. ८ ऑगस्ट १९६० रोजी रिझर्व्ह बँकेने बँक गुंडाळण्यासाठी केरळ उच्च न्यायालयात अर्ज केला. जे नऊ वर्षे फायलीत होते ते एका दिवसात लोकांच्या दारात येऊन उभे राहिले. त्याच वर्षी आपल्याकडे अकोल्याची लक्ष्मी बँकही बुडाली होती. ती आठवण वऱ्हाडात फार काळ रेंगाळली असणार, पण मराठी लेखनात तिचे पडसाद आम्हांस जवळजवळ कोठे सापडले नाहीत. दुष्काळ, गिरणीसंप, धरणे यांवर आपण लिहिले. बँक बुडणे हा मात्र मध्यमवर्गाचा खाजगी अपमान समजला गेला की काय कोण जाणे.

पालाईच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेची बाजूही समजून घेतली पाहिजे. १९५१ मध्येच अहवाल जाहीर झाला असता तर दुसऱ्या दिवशी बँकेपुढे रांगा लागल्या असत्या, आणि कदाचित सुधारू शकली असती ती बँक तेव्हाच कोसळली असती. अफवेने धडधाकट बँकही आडवी होते. ठेवी मागताक्षणी द्यायच्या असतात आणि कर्जे मात्र वर्षानुवर्षे अडकलेली असतात. हा युक्तिवाद खोटा नाही. पण त्याची किंमत कोण मोजतो, हे त्यात सांगितलेले नसते. नऊ वर्षांत ज्यांनी नव्या ठेवी ठेवल्या, त्यांनी ती मोजली. पालाईनंतर ठेवविम्याचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून प्रत्येक ठेवीदाराला १५०० रुपयांपर्यंत हमी मिळाली. आमच्या मते हा विमा म्हणजे गुप्ततेचा मोबदला होता. तुम्हांस आत काय चालले आहे ते सांगणार नाही, पण बुडालात तर थोडेसे परत देऊ.

त्याच १९६० मध्ये बँकिंग कायद्यात कलम ३४अ घातले गेले. पगारवाढीच्या तंट्यात कर्मचारी संघटनांनी बँकांच्या गुप्त राखीव निधीचे आकडे मागितले होते. नव्या कलमाने बँकांना ते उघड न करण्याची मुभा दिली आणि कोणती रक्कम हिशोबात धरावी हे ठरविण्याचे काम रिझर्व्ह बँकेकडे सोपविले. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरविले. ग्राहकाच्या खात्याची गुप्तता आणि बँकेच्या स्वतःच्या ताळेबंदाची गुप्तता या दोन गोष्टी येथपर्यंत एकाच शब्दाखाली नांदू लागल्या होत्या.

२००५ नंतर प्रश्न विचारणाऱ्याला प्रथमच एक हत्यार मिळाले. तपासयंत्रणांनी कलम ८(१)(ज) पुढे केले : माहिती दिल्यास तपासात अडथळा येईल. २००७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, आयकर विभागाच्या तपासाशी संबंधित भगतसिंग खटल्यात, नुसता तपास चालू आहे एवढे कारण पुरेसे नाही असे सांगितले. अडथळा कसा येईल हे दाखवावे लागेल. हा निकाल लहान आहे, पण त्याने सिद्ध करण्याचे ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकले.

बँकांच्या बाबतीत निर्णायक ठरला तो जयंतीलाल मिस्त्री खटला. गुजरातमधील एका सहकारी बँकेच्या तपासणीचे अहवाल २०१० मध्ये मागितले गेले. रिझर्व्ह बँकेने नकार दिला, केंद्रीय माहिती आयोगाने ते देण्यास सांगितले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. रिझर्व्ह बँकेचा मुख्य आधार होता तोच आपला शब्द : बँकांशी आमचे विश्वासाश्रित नाते आहे. १६ डिसेंबर २०१५ च्या निकालात न्यायमूर्ती एम. वाय. इक्बाल व सी. नागप्पन यांनी हे अमान्य केले. बँका ही माहिती विश्वासाने देत नाहीत, कायद्याच्या सक्तीने देतात. कोणत्याही एका बँकेचा फायदा वाढविणे हे रिझर्व्ह बँकेचे कर्तव्य नाही. तिचे कर्तव्य जनता, ठेवीदार आणि अर्थव्यवस्था यांच्याशी आहे. एका शब्दाचे इतके स्वच्छ वाचन समीक्षेतही विरळा आढळते. पोलिसाने झडती घेतली तर घरमालकाने पोलिसावर विश्वास टाकला असे कोणी म्हणत नाही.

पण निकाल लागला म्हणजे कपाट उघडले असे होत नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेने माहिती देण्याविषयीचे जे धोरण जाहीर केले, त्यात तपासणी-अहवाल पुन्हा वगळलेल्या यादीत होते. एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आपल्या निकालाचे उल्लंघन असल्याचे सांगून रिझर्व्ह बँकेला अखेरची संधी दिली. त्यानंतर काही बँकाच पुढे सरसावल्या. २०१५ चा निकाल मागे घ्यावा ही त्यांची विनंती २०२१ मध्ये फेटाळली गेली. परंतु ३० सप्टेंबर २०२२ रोजी न्यायालयाने खाजगी बँकांच्या याचिका ऐकण्याजोग्या ठरविल्या. माहितीचा अधिकार आणि खाजगीपणाचा अधिकार यांचा तोल मिस्त्री निकालात पाहिला गेला नव्हता, असे त्यामागचे कारण. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ मध्ये सांगितले होते. माणसासाठी मिळविलेली ती ढाल येथे संस्थेच्या हाती दिसते. अहवालात कर्जदारांची नावे असतात, हे खरे. ती झाकून उरलेला अहवाल का देता येऊ नये, हा आमचा साधा प्रश्न आहे. अंशतः माहिती देण्याची तरतूद त्याच कायद्याच्या कलम १० मध्ये आहे.

अहवाल खुले असते तर सगळेच वाचले असते, असा भोळा समज मात्र कोणी करून घेऊ नये. मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले आणि ठेवीदारांना प्रथम केवळ १००० रुपये काढण्याची मुभा मिळाली. एकाच बांधकाम उद्योगसमूहाची कर्जे लपविण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट खाती दाखविली गेल्याचे तेव्हा पुढे आले. म्हणजे तपासणाऱ्यांच्या हाती आलेली वहीच खोटी होती. तसला अहवाल चव्हाट्यावर ठेवून वाचणाऱ्याला काय कळले असते? कदाचित काहीच नाही. कदाचित बँकेतल्याच एखाद्या कारकुनाने आपल्या माहितीतली खाती त्याच्याशी ताडून पाहिली असती. पालाईत गुपित तपासणाऱ्याजवळ होते आणि त्याने ते राखले. मुंबईत ते तपासणाऱ्यापर्यंतही पोहोचले नव्हते. फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवविम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख रुपये झाली.