मानेतील धमनी आणि एका टळलेल्या पक्षाघाताची किंमत

मानेच्या एका बाजूला, जबड्याखाली हलकेच बोटे ठेवलीत तर जो ठोका लागतो तो कॅरोटिड धमनीचा. वयाबरोबर, आणि रक्तदाब, मधुमेह, तंबाखू यांच्यामुळे, तिच्या आत चरबीचा थर बसतो व वाट अरुंद होते. आपण अभियांत्रिकीवाले चटकन म्हणतो, नळ तुंबला, प्रवाह घटला. इथे हे अर्धेच खरे आहे. मेंदूला मानेतून चार धमन्या रक्त पुरवतात आणि त्या कवटीच्या तळाशी एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे एक अरुंद झाली तरी पुष्कळदा निभावते. मोठा धोका असतो तो थरावरून सुटून वर जाणाऱ्या गुठळीचा. म्हणून गुठळी होऊ न देणारी साधी अ‍ॅस्पिरिनची गोळीसुद्धा शस्त्रक्रियेची स्पर्धक ठरते. खर्चाच्या तुलनेचा इतिहास वाचताना हे ध्यानात ठेवा.

शस्त्रक्रियेची सुरुवात 1950 च्या दशकातली. ह्यूस्टनमध्ये मायकेल डीबेकी यांनी 1953 साली धमनी उघडून आतला थर काढला, पण ते प्रसिद्ध केले बऱ्याच वर्षांनी. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात मे 1954 मध्ये ईस्टकॉट, पिकरिंग आणि रॉब यांनी एका स्त्रीच्या धमनीचा अरुंद भाग कापून उरलेली टोके जोडली. तिला पक्षाघाताचे छोटे, तात्पुरते झटके वारंवार येत होते. त्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आले आणि शस्त्रक्रिया पसरत गेली. 1980 च्या दशकाच्या मध्यास एकट्या अमेरिकेत वर्षाला एक लाखाहून अधिक रुग्णांवर ती होत होती. गोळ्यांपेक्षा ती सरस आहे याचा भक्कम पुरावा तोवर नव्हता. 1988 साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत वयस्कर अमेरिकी रुग्णांवरील अशा शस्त्रक्रियांपैकी 32 टक्के अयोग्य ठरल्या. म्हणजे पैसा तर गेलाच, शिवाय शस्त्रक्रियेच्या मेजावरच पक्षाघात होण्याचा धोका त्या लोकांनी विनाकारण पत्करला.

पुरावा आला 1991 मध्ये, उत्तर अमेरिकेतील 'नॅसेट' चाचणीतून. ज्यांना अलीकडे झटका येऊन गेला होता आणि ज्यांची धमनी 70 टक्क्यांहून अधिक अरुंद होती, त्यांच्यात दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात केवळ औषधांवर 26 टक्क्यांना, शस्त्रक्रियेनंतर 9 टक्क्यांना. शंभरामागे 17 टळले, म्हणजे एक टाळण्यासाठी साधारण सहा शस्त्रक्रिया. 1995 ची 'अकास' चाचणी मात्र कोणतेही लक्षण नसलेल्यांवर होती. तिथे पाच वर्षांचा धोका 11 टक्क्यांवरून 5.1 वर आला, म्हणजे एकामागे सतरा शस्त्रक्रिया.

आता गणित करा. एका शस्त्रक्रियेचा खर्च दोन लाख रुपये धरू (आकडा केवळ उदाहरणासाठी). पहिल्या गटात एक टळलेला पक्षाघात 12 लाखांना पडतो, दुसऱ्यात 34 लाखांना. मुदती वेगळ्या आहेत, त्यामुळे तुलना ढोबळ आहे, पण मुद्दा दिसतो. चाकू तोच, सर्जन तोच. बदलला तो समोरचा रुग्ण.

मग आला स्टेंट. मान न उघडता, मांडीतल्या धमनीतून तार नेऊन बसवायची जाळी. 2010 च्या 'क्रेस्ट' चाचणीत 2,502 रुग्णांमध्ये एकूण निकाल जवळजवळ बरोबरीचा निघाला. उपचाराच्या सुमारास मात्र स्टेंटच्या गटात पक्षाघात जास्त झाले (4.1 विरुद्ध 2.3 टक्के), तर शस्त्रक्रियेच्या गटात हृदयविकाराचे झटके जास्त आले. स्टेंट स्वतः महाग असतो, पण रुग्णालयातले दिवस वाचतात, म्हणून त्या चाचणीच्या हिशेबातही दोन्हींचा खर्च फारसा वेगळा निघाला नाही. मग तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय ठेवायचे? इथे अर्थशास्त्रज्ञ मिळालेल्या आयुष्याची वर्षे मोजतात आणि प्रकृतीनुसार त्यांना वजन देतात. अंथरुणावर काढलेले वर्ष पूर्ण एक धरत नाहीत. हे वजन ठरवणे मला नेहमी थोडे उद्धट वाटते, पण ते न ठरवता तुलना करताच येत नाही.

भारतात असे मूल्यमापन सरकारी पातळीवर करणारी संस्था, हेल्थ टेक्नॉलॉजी असेसमेंट इन इंडिया, 2017 पासून आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत स्टेंटच्या किमतीवर मर्यादाही आली, पण ती हृदयाच्या स्टेंटसाठी होती, मानेच्या नव्हे. पाश्चात्त्य आकडे आपल्याकडे जसेच्या तसे चालत नाहीत, याला आणखी एक कारण आहे. भारतीयांमध्ये कवटीच्या आतल्या धमन्या अरुंद होण्याचे प्रमाण युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा जास्त आढळते. सरसकट सगळ्यांच्या मानेची सोनोग्राफी करणे त्यामुळे इथे आणखीच महागात पडेल. आणि खर्च रुग्णालयाच्या बिलात संपत नाही. आम्ही देवनहळ्ळीत, बेंगळुरूच्या उत्तरेला. निम्हान्स होसूर रस्त्यावर, दक्षिणेला. प्रत्येक तपासणीला अख्खे शहर ओलांडायचे म्हणजे रुग्णाबरोबर जाणाऱ्या मुलाचा किंवा सुनेचा दिवस बुडतो. पक्षाघात झालाच, तर असे दिवस वर्षानुवर्षे बुडतात.

दरम्यान गोळ्या सुधारल्या. कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन आली, रक्तदाबाची औषधे चांगली झाली. 2025 मध्ये 'क्रेस्ट-2'चे निकाल आले. रुग्ण पुन्हा लक्षण नसलेलेच. स्टेंटच्या चाचणीत चार वर्षांचा धोका औषधांवर 6.0 टक्के, स्टेंटसह 2.8. शस्त्रक्रियेच्या चाचणीत 5.3 विरुद्ध 3.7, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. स्टेंटचा हिशेब केलात तर एक पक्षाघात टाळायला सुमारे 31 जणांवर उपचार करावे लागतात. मात्र त्या चाचणीतले 'केवळ औषध' म्हणजे वरचा रक्तदाब 130 च्या खाली ठेवणे, वाईट कोलेस्टेरॉल 70 च्या खाली ठेवणे आणि रुग्णाचा सतत पाठपुरावा करणे. महिना संपला की गोळ्या संपतात आणि पुढची पट्टी पगारानंतर येते, असल्या औषधोपचाराशी ती तुलना नव्हती.

स्वाध्याय म्हणून हे करून पाहा. उपचाराचा खर्च दोन लाखच धरा. तुमच्या गावच्या औषध दुकानात अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन आणि रक्तदाबाच्या गोळीची महिन्याची किंमत विचारा, ती चार वर्षांसाठी मोजा, आणि दर तीन महिन्यांच्या तपासणीचा प्रवास व बुडालेली मजुरी त्यात मिळवा. दोन्ही गटांना गोळ्या चालूच राहतात, हे विसरू नका. मग 31 ने गुणताना कोणता खर्च धरायचा आणि कोणता वगळायचा, ते कारणासह लिहा.