कोटणिसांचा चीन आणि ॲक्युपंक्चरची सुई

१/७
डॉ. द्वारकानाथ कोटणीस म्हटले की चीन आठवतो आणि चीन म्हटले की ॲक्युपंक्चर. त्यामुळे ही उपचारपद्धती कोटणिसांमुळे भारतात आली, असा समज सहज होतो. इतिहास मात्र थोडा निराळा आहे.

२/७
सोलापूरचे कोटणीस परळच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीसाठी काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. अटल, नागपूरचे चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी हे पाच जण सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबई बंदरातून निघाले.

३/७
कोटणीस शल्यचिकित्सक होते. आघाडीवरील जखमींवर शस्त्रक्रिया करणे हे त्यांचे काम. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, चीनमध्येच त्यांचे निधन झाले. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी परळच्याच राजकमल कलामंदिरातर्फे त्यांच्यावर चित्रपट काढला आणि ते नाव घरोघरी पोहोचले.

४/७
सुईची कथा बसूंची आहे. कोलकात्याचे डॉ. बिजयकुमार बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि परतल्यावर कोलकात्यात ते करू लागले. पुढे या पद्धतीच्या प्रसारकांनी कोटणिसांचे नाव आपल्या संस्थांना दिले आणि दोन आठवणी एकमेकींत मिसळल्या.

५/७
सुई आली; पण ती कोणी टोचावी? हा प्रश्न मानापमानाचा नव्हे, जिवाचा आहे. छातीवर सुई खोल गेल्यास फुप्फुसाला छिद्र पडू शकते; एकाची सुई दुसऱ्याला वापरल्यास कावीळ पसरू शकते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये प्रशिक्षण व सुरक्षिततेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. हाडवैद्य असो वा पदवीधर डॉक्टर, शरीररचनेचे ज्ञान, या पद्धतीचे वेगळे शिक्षण आणि निर्जंतुक, एकदाच वापरायची सुई यांतून कोणालाच सूट नाही.

६/७
केंद्र सरकारने २००३ मध्ये नोंदणीकृत वैद्यकांना आणि योग्य प्रशिक्षितांना हा उपचार करण्यास मुभा दिली. महाराष्ट्राने पुढचे पाऊल टाकले. २०१५ च्या स्वतंत्र कायद्याने ॲक्युपंक्चर परिषद, उपचारकांची नोंदवही आणि अभ्यासक्रमांच्या मान्यतेची व्यवस्था आखून दिली.

७/७
कोटणिसांचे मोठेपण सुईवर अवलंबून नाही. ते परक्या देशातील जखमींसाठी वेचलेल्या आयुष्यात आहे. फलकावरील त्यांचे नाव आदराने वाचावे. उपचारासाठी हात पुढे करण्यापूर्वी मात्र उपचारकाचे नाव नोंदवहीत आहे का, ते पाहावे.