पालकांसाठी थेट ऑनलाइन सामूहिक वर्ग : स्वरूप, परंपरा व पथ्ये



मुलांच्या संगोपनाविषयीचे जे वर्ग हल्ली संगणकावर वा मोबाईलवर भरतात, त्यांत नाव नोंदवावे की नाही, आणि नोंदवायचे तर कोणता वर्ग निवडावा, अशी विचारणा आमच्या न्यासाच्या कार्यालयात वारंवार होत असते. बडोद्यातील आमच्या मराठी समाजाच्या उपयोगासाठी या विषयाची माहिती येथे एकत्र देत आहोत. या कामी आमच्या हातून एक चूक घडली. तीही लपवून न ठेवता सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

वर्ग कशास म्हणावे

ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, तेच ते पालक आणि तोच मार्गदर्शक पडद्यावर एकत्र येतात, एकमेकांना पाहतात, बोलतात, आणि पुढील भेटीपर्यंत घरी करावयाचा अभ्यास घेऊन उठतात. यास थेट सामूहिक वर्ग म्हणावे. शेकडो श्रोते मुके करून बसवलेले व्याख्यान म्हणजे वर्ग नव्हे. आधी चित्रित केलेली भाषणमाला किंवा रोज सुविचार येणारा व्हॉट्सअॅप गट म्हणजेही वर्ग नव्हे. ही साधने निरुपयोगी आहेत असे आमचे म्हणणे नाही, परंतु त्यांत पालक ऐकतो, बोलत नाही. आणि पालकाने बोलणे, हेच तर वर्गाचे मर्म आहे.

परंपरा

साधन नवे असले तरी विचार जुना आहे. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्ना शहरात आल्फ्रेड अॅडलर यांनी बालमार्गदर्शन केंद्रे सुरू केली. तेथे एका कुटुंबाची अडचण इतर पालक व शिक्षक यांच्या उपस्थितीत चर्चिली जात असे. दुसऱ्याच्या घरातील प्रश्न ऐकताना स्वतःचे घर अधिक स्पष्ट दिसते, हा त्यामागील अनुभव होता. त्यांचे शिष्य रुडॉल्फ ड्रायकर्स यांनी ही पद्धत अमेरिकेत शिकागो येथे रुजवली. पुढे १९६२ साली कॅलिफोर्नियात थॉमस गॉर्डन यांनी पालकांसाठी नियमित अभ्यासक्रमच आखला.

आपल्याकडेही हे भान होते. बडोदे संस्थानात श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू केले, तेव्हा मुलास शाळेत पाठवणे हे पालकांचे कायदेशीर कर्तव्य ठरले. घरात त्याच्याशी कसे वागावे, हे मात्र कोणताही कायदा शिकवू शकत नाही. ते काम भावनगरच्या गिजुभाई बधेका यांनी हाती घेतले. वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाईंनी १९२० साली बालमंदिर काढले आणि पालकांसाठीही विपुल लेखन केले. आईबाप होणे कठीण आहे, अशा अर्थाचे नाव त्यांनी आपल्या एका गुजराती पुस्तकास दिले. ताराबाई मोडक या त्यांच्या मराठी सहकारी. १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बाल शिक्षण संघाच्या द्वारे आणि पुढे बोर्डी व कोसबाड येथील कार्याद्वारे त्यांनी हा विचार महाराष्ट्रात नेला. गुजरातेत पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आपणा मराठी लोकांना हा वारसा दोन्ही भाषांतून लाभला आहे.

वर्गाची रचना

जगात बरेच तपासले गेलेले दोन अभ्यासक्रम उदाहरणादाखल घेऊ. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात मॅथ्यू सँडर्स यांनी ‘ट्रिपल पी’ हा कार्यक्रम घडवला. त्याच्या सामूहिक प्रकारात पाच बैठकी होतात आणि त्यानंतर प्रत्येक पालकाशी तीन वेळा दूरध्वनीवरून स्वतंत्र बोलणे होते. अमेरिकेत कॅरोलिन वेबस्टर-स्ट्रॅटन यांच्या ‘इन्क्रेडिबल इयर्स’मध्ये घरातील छोटे प्रसंग चित्रफितीवर दाखवून त्यांवर चर्चा करतात. कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे परीक्षण करणाऱ्या संस्थेने २०१२ साली तेरा अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. तीन ते बारा वर्षांच्या मुलांचे अतिशय त्रासदायक वर्तन अशा सामूहिक वर्गांनी अल्पकाळात सुधारते आणि पालकांचे मनःस्वास्थ्यही सुधारते, असा त्याचा निष्कर्ष आहे. दीर्घकालीन परिणामांविषयी त्यात निश्चित विधान केलेले नाही. हे अभ्यास प्रत्यक्ष भरणाऱ्या वर्गांविषयीचे आहेत, हेही लक्षात ठेवावे.

एक बैठक साधारणपणे अशी चालते. आरंभी प्रत्येकाने मागील आठवड्याचा अनुभव सांगावयाचा. नंतर एक विषय घ्यावयाचा. उदाहरणार्थ, मोबाईल काढून घेतला की मूल आदळआपट करते. मार्गदर्शक उपाय सांगतो : पाच मिनिटे आधी सूचना द्यावी, वेळ रोज एकच ठेवावी, मुलाने ऐकले तर ते पाहिल्याचे त्याला बोलून दाखवावे, आणि न ऐकल्यास ओरडून नव्हे, ठरल्याप्रमाणे वागावे. दोन पालक हा प्रसंग वठवून पाहतात. शेवटी आठवडाभर रोज काय घडले त्याची वहीत नोंद करण्याचा अभ्यास दिला जातो. खरे शिक्षण घडते ते याच सहा दिवसांत.

ऑनलाइन असण्याचे गुणदोष

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि हे वर्ग पडद्यावर भरू लागले. पुढे निर्बंध उठले तरी ते चालू राहिले, यास कारणे आहेत. तान्हे मूल असलेली आई, फिरतीची नोकरी असलेले वडील, परदेशी राहणारे कुटुंब यांना घरबसल्या सहभागी होता येते. मराठी वर्ग ज्या गावी भरणे शक्य नाही, तेथेही आपली भाषा पोहोचते. मनातील खंत मातृभाषेत जितकी मोकळेपणाने सांगता येते, तितकी अन्य भाषेत येत नाही.

उणिवाही तितक्याच खऱ्या आहेत. घरात एकच मोबाईल असतो आणि तो नेमका मुलाच्या हाती असतो. शेजारच्या खोलीत सासूबाई असताना सूनबाईंना मनातले बोलता येत नाही. कॅमेरा बंद ठेवणारे हळूहळू मनानेही वर्गातून उठून जातात. आणि सर्वांत मोठा धोका म्हणजे, पडद्यावर बोललेले कोणीही टिपून ठेवू शकतो.

आमच्या हातून घडलेली चूक

२०२१ साली आमच्या एका वर्गात एका मातेने, गृहपाठावरून आपण मुलीस मारले आणि रात्री तिच्या उशाशी बसून रडलो, असे धैर्याने सांगितले. ऐकणाऱ्यांपैकी कोणी तरी ते मोबाईलवर टिपले आणि नात्यात पाठवले. आपला समाज लहान. तीन दिवसांत ते तिच्या सासरी पोहोचले. ती माता पुन्हा वर्गास आली नाही. आम्ही घरी जाऊन क्षमा मागितली, परंतु गेलेला विश्वास क्षमेने परत येत नाही. टिपणाऱ्याचा दोष होताच. तथापि पहिल्या दिवशी गुप्ततेचा नियम स्पष्ट न सांगण्याचा दोष आमचा होता. ज्या मातेस मदतीची सर्वाधिक आवश्यकता होती, तीच आमच्यामुळे दूर गेली.

पथ्ये

त्यानंतर आम्ही पुढील पथ्ये पाळतो. कोणत्याही वर्गात नाव देण्यापूर्वी वाचकांनीही ती तेथे आहेत का, हे पाहावे.

१. एका वर्गात आठ ते बारा पालक असावेत आणि मध्येच नवा सभासद घेऊ नये.

२. ध्वनिमुद्रण वा चित्रण होणार नाही आणि ऐकलेले बाहेर जाणार नाही, असे वचन प्रत्येकाने पहिल्या बैठकीत तोंडी द्यावे.

३. बोलताना मुलाचे व नातलगांचे नाव घेऊ नये. मुलालाही अब्रू असते.

४. शक्यतो आईवडील दोघांनी यावे. आजीआजोबा घरात असतील तर त्यांना विषयाची कल्पना द्यावी, म्हणजे घरात दोन नियम होत नाहीत.

५. मार्गदर्शकाचे शिक्षण व अनुभव विचारण्यात संकोच करू नये. मूल हमखास बदलून देण्याची हमी देणाऱ्यापासून दूर राहावे.

६. गुप्ततेस मर्यादा आहे. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार कळवणे बंधनकारक आहे. संकटातील बालकासाठी १०९८ हा क्रमांक आहे.

७. वर्ग हा उपचार नव्हे. मुलाचे बोलणे उशिरा सुरू होणे, सततची उदासी, स्वतःस इजा करणे अशा वेळी वैद्यकीय सल्ला घ्यावा. मानसिक आरोग्यासाठी शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

समारोप

उत्तम मार्गदर्शक, वेगवान जोडणी, सुबक पुस्तिका हे सर्व असूनही वर्ग निष्फळ ठरू शकतो, आणि यांतील पुष्कळसे नसूनही तो सफल होऊ शकतो. आपली चूक चारचौघांत सांगता येईल आणि ती तेथेच राहील, हा भरवसा जेथे आहे तेथेच पालक शिकतो. तो भरवसा राखणे आयोजकांइतकेच सहभागी होणाऱ्या प्रत्येकाच्या हाती आहे. वाचकांनी हे ध्यानी ठेवावे, ही नम्र विनंती.



सचिव, विश्वस्त मंडळाकरिता