बंबापासून गीझरपर्यंत : न्हाणीघरातील अग्नीची कथा

नरकचतुर्दशीच्या आदल्या सायंकाळी न्हाणीतील तांब्याचे भाण घासूनपुसून लखलखीत करावे, त्याच्या गळ्याभोवती कारिटाची वेल बांधावी, पाणी भरून ठेवावे, आणि पहाटे त्याच ऊन पाण्याने घरातील लहानथोरांनी अभ्यंगस्नान करावे, हा गोमंतकातील घरांचा जुना परिपाठ होय. घाटावरील घरांत हेच काम बंबाने केले. मधोमध निखाऱ्यांची उभी नळी, तिच्याभोवती पाणी, तळाशी राख गळावयास जाळी आणि अंगाला पितळी तोटी, अशी ही साधी रचना. परंतु तिच्यातील शहाणपण लक्षात घेण्याजोगे आहे. ती मधली नळी म्हणजेच बंबाचे धुराडे. न्हाणीघर बहुधा परसदारी, कौलांच्या फटींतून आभाळ दिसावे असे. धूर झाला की डोळे चुरचुरत, खोकला येई, आणि माणूस दार उघडून बाहेर पडे. अग्नी आपल्या दोषाची वर्दी स्वतःच देत असे.

पुढे विज्ञानाने हा धूर नाहीसा केला, आणि त्याबरोबर ती वर्दीही नाहीशी झाली. गेल्या दीडशे वर्षांतील न्हाणीघराचा इतिहास पाहताना ही गोष्ट सतत डोळ्यांपुढे ठेवावी लागते.

१८६८ साली लंडनमध्ये रंगसजावटीचा धंदा करणाऱ्या बेंजामिन वॅडी मॉघन ह्या गृहस्थाने वायूच्या ज्योतीवर तत्क्षणी पाणी तापविणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. आइसलंड बेटावर भूमीतून उसळणारे उष्ण पाण्याचे झरे आहेत. त्यांतील एका प्रसिद्ध झऱ्याचे नाव ‘गेयसिर’. त्यावरून मॉघनने आपल्या यंत्राला ‘गीझर’ हे नाव दिले. अमेरिकन माणूस ह्या यंत्राला नुसते ‘वॉटर हीटर’ म्हणतो. आपण मात्र, इंग्रजी अमदानीची आठवण म्हणून की काय, विजेवर चालणाऱ्या टाकीलाही गीझरच म्हणत आलो. मॉघनच्या यंत्रात पाणी आणि जळत्या वायूची उष्ण वाफ ह्यांची गाठ प्रत्यक्षच पडत असे, आणि ज्वलनातून निघालेला वायू बाहेर नेणारी नळी त्यात नव्हती. तो सारा वायू स्नान करणाऱ्याच्या भोवतीच साठे. ज्या वस्तूला जगाने सोय म्हणून डोक्यावर घेतले, तिच्या पहिल्याच आवृत्तीत हा प्राणघातक दोष होता.

पुढची सुधारणा दोन दिशांनी झाली. नॉर्वेतून अमेरिकेत येऊन पिट्सबर्ग येथे स्थायिक झालेला अभियंता एडविन रूड ह्याने १८८९ साली आपोआप पेटणारी व विझणारी, साठवणीची टाकी असलेली योजना सिद्ध केली. जर्मनीत देसाउ येथे ह्यूगो युंकर्स ह्याने वायूची उष्णता मोजण्याचे उपकरण बनविले आणि त्याच अनुभवातून १८९०च्या दशकात स्नानगृहासाठी वायूवर चालणारी तापक यंत्रे घडविली. पुढे विमाने बांधून जगप्रसिद्ध झालेला युंकर्स तो हाच. त्याच्या विमानविद्येला भांडवल पुरविण्यात न्हाणीघरातील ह्या बंबाचा वाटा मोठा होता, हे ऐकून मौज वाटते. १९३२ साली अडचणीत सापडल्यावर त्याला तो धंदा बॉश कंपनीला विकावा लागला.

ह्याच शतकात वैद्यकशास्त्र दुसऱ्या बाजूने त्याच प्रश्नाकडे येत होते. फ्रान्समध्ये क्लोद बर्नार ह्याने १८५०च्या दशकात दाखवून दिले की, अपुऱ्या ज्वलनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. इंग्लंडमध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन ह्याने १८९०च्या दशकात तो वायू स्वतःच हुंगून, आपले भान कसे सुटत जाते ह्याची नोंद ठेवली. खाणीत उतरताना पिंजऱ्यात लहान पक्षी न्यावा, माणसाच्या आधी तो कोसळतो, ही सूचनाही त्याचीच. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा ह्या वायूला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते. म्हणजे हवेत त्याचा अंश अत्यल्प असला तरी रक्तात तो साठतच जातो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबत नाही. प्रथम डोके जड होते, मळमळते, पाय लटपटतात. आणि धोका कळेपर्यंत कडी काढण्याचे बळ हातात उरत नाही.

फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला ह्याचा अंत असाच झाला. पॅरिसमधील घरी शयनगृहात शेगडी पेटविलेली होती, धुराडे तुंबलेले होते. २९ सप्टेंबर १९०२ रोजी सकाळी तो मृतावस्थेत आढळला. पत्नी बेशुद्ध होती, ती वाचली.

आपल्याकडे मुंबईचे रस्ते वायूच्या दिव्यांनी १८६५ साली उजळले. तो वायू दगडी कोळशापासून काढलेला, आणि त्याच्या घटकांतच कार्बन मोनॉक्साइड असे. नळी गळली तरी विषबाधा ठरलेली. १९५०च्या दशकाच्या मध्यास बर्मा-शेलने पातळ केलेला पेट्रोलियम वायू सिलिंडरांतून मुंबईच्या स्वयंपाकघरांत आणला, आणि १९६५ साली ‘इंडेन’ आले. बडोद्याला तर १९७२पासून नळाने नैसर्गिक वायू घरोघर पोहोचू लागला. ह्या नव्या वायूंत ते विष मुळात नसते. एवढ्यावरून लोकांची अशी समजूत झाली की, नवा वायू निर्धोक. भीती काय ती गळतीची, आणि गळती झाली तर वास येईलच.

ह्या वासाचाही इतिहास आहे. हे वायू स्वभावतः जवळजवळ गंधहीन असतात. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत टेक्सस प्रांतातील न्यू लंडन येथील शाळेत गळलेला नैसर्गिक वायू कोणाच्या ध्यानात न येता साठला आणि स्फोटात सुमारे तीनशे जीव गेले, त्यांत बहुतेक मुले. त्यानंतर वायूत दुर्गंधी द्रव्य मिसळण्याचा कायदा तेथे झाला. आपल्या सिलिंडरात त्यासाठी मर्केप्टन असते. परंतु येथेच सामान्य माणसाची गफलत होते. तो वास न जळलेल्या वायूचा आहे. ज्योत पेटली की मर्केप्टन जळून जाते, आणि ज्योतीतून जे विष निघते त्याला वास नसतो. ज्या वासावर आपण विसंबून राहतो, तो ह्या शत्रूची चाहूल देतच नाही.

थोडा हिशेब करून पाहावा. मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवावयाचे म्हणजे स्वयंपाकाच्या शेगडीच्या पाच-सहा ज्वाला एकदम पेटविल्याप्रमाणे होय. ह्या गतीने तासाला सुमारे एक किलो वायू जळतो आणि त्यास बारा घनमीटरांच्या आसपास हवा लागते. आपल्या गाळ्यांतील न्हाणीघर म्हणजे दीड मीटर रुंद, दोन मीटर लांब, अडीच मीटर उंच. म्हणजे साडेसात घनमीटर. दार-खिडकी बंद ठेवून पंधरा मिनिटे सावकाश स्नान केले, तर त्या हवेचा सुमारे दोनपंचमांश भाग ज्योतीने खाऊन टाकलेला असतो. प्राणवायू विरळ होऊ लागला की ज्योत अर्धवट जळू लागते, आणि जेथे निरुपद्रवी वायू निघत होता तेथे विष निघू लागते. हिवाळ्यात, थंडी लागू नये म्हणून झरोकाही कागदाने बंद केलेला असतो तेव्हा, हे अधिक घडते. ह्या शतकात भारतातील वैद्यकीय नियतकालिकांनी अशा रुग्णांची वर्णने पुनःपुन्हा छापली आहेत. त्यांत स्नानगृहात झटका येऊन पडलेल्या, अपस्मार समजून चुकीचे उपचार झालेल्या तरुणांचाही उल्लेख आढळतो.

युरोपने ह्यातून धडा घेतला तो असा की, यंत्राचा श्वास आणि माणसाचा श्वास वेगळा करावा. ज्याची ज्वलनपेटी खोलीपासून बंद, जे हवा बाहेरून घेते आणि वायू बाहेरच टाकते, असेच वायुयंत्र स्नानगृहात बसवावे, असा नियम ब्रिटनमध्ये आहे. आपल्याकडे लहान गीझरांसाठी भारतीय मानक आहे. परंतु मानक यंत्रापुरते असते, भिंत तर घरमालकाची.

म्हणून यंत्राची जागा न्हाणीघराबाहेर, मोकळ्या सज्जात किंवा वाऱ्याच्या भिंतीवर असावी. आत केवळ ऊन पाण्याची नळी यावी. वायू बाहेर नेणारी नळी वरच्या अंगाने भिंतीपार न्यावी आणि तिचे तोंड खिडकीखाली येऊ देऊ नये. हवा ओढून घेणारा पंखा त्याच खोलीत असेल तर तो नळीतला वायू उलट आत खेचू शकतो, हे गवंडी आणि वीजकामवाले सहसा सांगत नाहीत. सिलिंडर उभा, जमिनीच्या पातळीवर, हवेशीर जागी असावा. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळघरात किंवा खड्ड्यात साठून राहतो. जोडांची परीक्षा साबणाच्या पाण्याने करावी, काडी ओढून नव्हे. ज्योत निळी असावी. पिवळी होऊन काजळी धरू लागली की यंत्र तत्काळ बंद करून कारागिरास बोलवावे. आणि कोणास घेरी आल्यास आधी मोकळ्या हवेत न्यावे, नंतर वैद्यास.

देवस्थानांच्या समित्यांनाही ह्यात एक काम आहे. जत्रेच्या दिवसांत अग्रशाळेच्या एकेका खोलीत चार-पाच माणसांचे कुटुंब उतरते, पहाटे दर्शनाला जाण्याच्या घाईत एकामागून एक स्नाने होतात, आणि यंत्र तासभर अखंड पेटलेले राहते. परक्या ठिकाणी कोणी झरोका शोधीत बसत नाही. अशा खोल्यांत यंत्रे ओळीने बाहेरच्या भिंतीवर लावून पाणी आत न्यावे, किंवा एकच मोठा बंब परसात ठेवून बादल्या भराव्यात. घरीही, आत बसविलेले यंत्र बदलणे होईपर्यंत, आधी दार उघडे ठेवून बादली भरावी, ज्योत विझवावी, आणि मगच आत जाऊन कडी लावावी.