फाल्कनचे इंटेक मॅनिफोल्ड : हवेच्या वाटेची लांबी आणि इंजिनाचा जोर

ऑस्ट्रेलियात १९६० साली आलेल्या फोर्ड फाल्कनच्या सहा सिलिंडरी इंजिनात इंटेक मॅनिफोल्ड हा स्वतंत्र भागच नव्हता. तो सिलिंडर हेडसोबत ओतलेला असे. मध्यभागी एक कार्ब्युरेटर आणि दोन्ही बाजूंना पसरलेली एकच आडवी पोकळी. कडेच्या सिलिंडरांना मिळणारे मिश्रण साहजिकच मधल्यांहून निराळे असे. १९७० च्या एक्सवाय मालिकेतील ‘२५०-२व्ही’ इंजिनात मॅनिफोल्ड सुटे झाले, तर १९७६ मध्ये क्रॉसफ्लो हेड आले.

खरी मोकळीक मिळाली ती मल्टी-पॉइंट इंधन फवारणीमुळे. इंधन थेट झडपेजवळ पडू लागले, मॅनिफोल्डकडे केवळ हवा वाहण्याचे काम उरले आणि नळ्या लांब करणे सोपे झाले. पिस्टन खाली जाताना नळीत कमी दाबाची लहर उठते, उघड्या टोकाशी पोहोचून जास्त दाबाची होऊन परतते. झडप मिटण्याच्या ऐन वेळी ती आली, तर सिलिंडरमध्ये अधिक हवा कोंबली जाते.

ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरल्यास अर्ध्या मीटरच्या नळीतील जाण्यायेण्यास सुमारे २.९ मिलिसेकंद लागतात. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर तेवढ्यात क्रँक ५२ अंश फिरतो, ५००० वर मात्र ८७; म्हणजे लहर उशिरा पोहोचते. तिथे ५२ अंशच हवे असतील, तर नळी ३० सेंटिमीटरची हवी. एकाच लांबीत दोन्ही साधत नाही.

यावर फोर्डने १९९४ च्या ईएफ फाल्कनमध्ये दुहेरी लांबीचे मॅनिफोल्ड दिले : कमी फेऱ्यांवर लांब वाट, वेग वाढला की आतली पाकळी उघडून आखूड वाट. ४ लिटरच्या इंजिनाची शक्ती १४८ वरून १५७ किलोवॅटवर गेली. श्रेय अर्थात एकट्या मॅनिफोल्डचे नव्हे. कॅरॅव्हॅन ओढत चढ चढणाऱ्याला मात्र या आकड्याहून ३००० फेऱ्यांवरील ३५७ न्यूटन-मीटर टॉर्क मोलाचा.

२००२ च्या बीए मालिकेतील टर्बो इंजिनात ही दुहेरी सोय नाही. हवा दाबून भरणारा टर्बो असताना लहरीची मनधरणी कशाला? त्याचा ४५० न्यूटन-मीटर टॉर्क २००० ते ४५०० फेऱ्यांपर्यंत सपाट राहतो.

फाल्कनचे उत्पादन ७ ऑक्टोबर २०१६ रोजी थांबले. आता भेटते ती जुनीच गाडी. ईएफ घेताना पाकळी हलवणारी निर्वात नळी तडकलेली नाही ना, हे पाहावे. ती निकामी असली तरी गाडी सुरळीत चालते. फक्त एकच लांबी कायम राहते आणि फेऱ्यांच्या एका टोकाला जोर कमी पडतो.