सर्व्हर दोषनिदान

सर्व्हरच्या यंत्रभागांतील बिघाड नेमका कोठे आहे, हे नोंदी, सेन्सर आणि चाचण्या यांच्या आधारे ठरवण्याची पद्धत. घरचा संगणक बिघडला की तो उघडून एकेक भाग बदलून पाहता येतो. सर्व्हरवर मात्र अनेकांचे काम एकाच वेळी चालू असते आणि बहुधा तो दूरच्या डेटा सेंटरमध्ये असतो. शिवाय त्यातील पॉवर सप्लाय, पंखे व डिस्क गरजेपेक्षा जास्त बसवलेल्या असल्यामुळे एखादा भाग निकामी झाला तरी यंत्र चालत राहते. बिघाड झाला आहे हे वेळेत कळणे, हीच त्यामुळे पहिली अडचण.

यंत्र सुरू होताना फर्मवेअर जी तपासणी करते तिला पोस्ट म्हणतात. आयबीएमच्या १९८१ च्या पर्सनल कॉम्प्युटरमध्ये तिचे निकाल बीपच्या आवाजांनी कळत. सर्व्हरमध्ये तपासणीच्या टप्प्यांचे संकेतांकही मिळतात. पडदा कोरा असेल तेव्हा शेवटच्या संकेतांकावरून यंत्र कोठे अडले ते समजते.

चालू यंत्रावर लक्ष ठेवण्याचे काम मदरबोर्डवरील बीएमसी हा स्वतंत्र नियंत्रक करतो. डेलचा आयड्रॅक आणि एचपीईचा आयएलओ ही त्याची परिचित रूपे. विजेची वायर जोडलेली असेपर्यंत सर्व्हर बंद असतानाही तो जागा असतो, तापमान, व्होल्टेज व पंख्यांची गती मोजतो आणि मर्यादा ओलांडली गेली की घटनांच्या लॉगमध्ये नोंद करतो. त्याच्याशी बोलण्यासाठी इंटेल, डेल, एचपी व एनईसी यांनी १९९८ मध्ये आयपीएमआय हे मानक आणले; २०१५ मध्ये डीएमटीएफ या संस्थेचे रेडफिश आले. लॉग वाचण्यापूर्वी बीएमसीचे घड्याळ ऑपरेटिंग सिस्टिमच्या घड्याळाशी ताडून पाहावे. दोहोंत काही तासांचा फरक सर्रास असतो आणि त्यापायी भलत्याच घटनेवर संशय जातो. लॉगची जागाही मर्यादित असते. तो भरला की काही यंत्रांत नव्या नोंदी होणेच थांबते.

सर्व्हरची रॅम ईसीसी प्रकारची असते. ६४ बिटांमागे ८ जादा बिट ठेवून ती एका बिटाची चूक दुरुस्त करते आणि दोन बिटांची चूक निदान ओळखते. दुरुस्त झालेली चूक वापरणाऱ्याला जाणवत नाही, पण तिची मोजणी होते. लिनक्सवर रासडेमन हे साधन अशा चुका स्लॉटनिहाय नोंदवू शकते. गूगलच्या सर्व्हरांवर आधारित २००९ च्या अभ्यासात वर्षाकाठी ८ टक्क्यांहून अधिक रॅम पट्ट्यांत चुका आढळल्या. एकाच स्लॉटवर चुका साचू लागल्या की ती पट्टी दुसऱ्या स्लॉटमधल्या पट्टीशी अदलाबदल करून पाहतात. चूक पट्टीबरोबर हलली तर पट्टी खराब. जागच्या जागी राहिली तर स्लॉट, प्रोसेसरच्या सॉकेटमधील पिना किंवा प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलर तपासावा लागतो. एका वेळी एकच बदल करण्याचा नियम इथे काटेकोरपणे पाळावा लागतो. मेमटेस्ट८६ ही चाचणी रॅम तपासण्यासाठी वापरतात खरी, पण ईसीसीने परस्पर दुरुस्त केलेल्या चुका दाखवण्याची सोय चालू नसेल तर तिचा स्वच्छ निकाल फसवा ठरतो.

डिस्कची माहिती स्मार्ट या स्वनिरीक्षण यंत्रणेतून मिळते आणि स्मार्टसीटीएल या आज्ञेने वाचता येते. पाचव्या गुणधर्मात बदललेल्या खराब सेक्टरांची आणि १९७ व्या गुणधर्मात बदलण्याच्या वाटेवरच्या सेक्टरांची संख्या असते. ती वाढत असेल तर डिस्क बदलणेच बरे. १९९ व्या गुणधर्मातील आकडा मात्र डिस्क व कंट्रोलर यांच्यामधील वहनात झालेल्या चुकांचा असतो. दोष बहुधा केबलचा किंवा जोडणीचा असताना चांगली डिस्क काढून टाकण्याचा प्रकार इथेच घडतो. अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या रेड कंट्रोलरच्या आड असलेल्या डिस्क ऑपरेटिंग सिस्टिमला एकेकट्या दिसत नाहीत, म्हणून त्या वाचताना कंट्रोलरचा प्रकार आणि डिस्कचा क्रमांक वेगळा सांगावा लागतो. स्मार्टने धोका दाखवला नाही म्हणजे डिस्क सुरक्षित, असेही नाही: गूगलच्या २००७ च्या अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांत स्मार्टच्या चार प्रमुख लक्षणांपैकी एकही दिसले नव्हते.

निदान नक्की झाल्यावर जुना लॉग जपून ठेवून मगच पुसतात, भाग बदलतात आणि यंत्रावर काही तास पूर्ण भार टाकून तीच चूक पुन्हा येते का ते पाहतात. भाग बदलण्याआधी उत्पादकाच्या फर्मवेअर सूचना वाचणे फायद्याचे, कारण काही इशारे खुद्द फर्मवेअरच्याच दोषातून उमटतात. बीएमसीला यंत्र चालू-बंद करण्याचाही अधिकार असल्यामुळे आणि आयपीएमआयच्या दुसऱ्या आवृत्तीतील ओळखपडताळणीत पासवर्डचा हॅश बाहेर पडण्याची त्रुटी असल्यामुळे बीएमसी वेगळ्या, बंदिस्त नेटवर्कवरच ठेवतात.